शेडगेबाईंचा सोमवार

माझ्या पांघरुणावर खो-खोचा अख्खा सामना रंगला होता. ओळीत बसलेले आठ शेंगदाणे, दोन टोकांना खांब म्हणून औषधाच्या बाटल्या, आणि पळणाऱ्या गड्याच्या जागी एक खारीक. नसीम ती खारीक शेंगदाण्यांमधून नागमोडी फिरवत होती आणि बाकीच्या मुली खाटेभोवती माना पुढे काढून ओरडत होत्या.

"इथं वळली बघ ती, वैजू! आणि आपली छबी बसली बघत. तू असतीस तर तिथंच सूर मारला असतास आणि गडी बाद!"

मी हसले. रोज संध्याकाळी मुली यायच्या, रोज असा सामना मांडायच्या आणि रोज मी हसायचे. त्या गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तेवढ्यात दारात शेडगेबाई उभ्या राहिल्या. आमच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई आणि तालुक्यातल्या मुलींच्या खो-खो संघाच्या सर्वेसर्वा. पन्नाशी गाठलेली, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि मनगटं कायम मोकळी. त्या आत आल्या, पांघरुणावरची खारीक उचलली आणि तोंडात टाकली.

"ही बाद," त्या म्हणाल्या. मग शेंगदाणे गोळा करून नसीमच्या ओंजळीत ओतले. "चला, खा आणि पळा घरी. उद्यापासून ह्या खोलीत खेळाचा एक शब्द काढायचा न्हाई."

"मग काय बोलायचं बाई?" नसीमनं विचारलं. तिला खरंच कळेना.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या साध्या प्रश्नाला त्यांना उत्तर सुचत नाही याचं मला नवल वाटलं. शेवटी म्हणाल्या, "न्हाई सुचलं तर गप बसा. पण बसा. उठून जाऊ नका."

मुली गेल्या. आई चहा घेऊन आली. बाई कप हातात धरून खिडकीच्या खाली बघत होत्या. तिथं आमचं मांजर सुस्तावून पडलं होतं.

"वहिनी, ही कधी विणार?"

"अगंबाई! बोका हाय तो!" आई खळखळून हसली.

"असं? बोका? मग कशानं एवढा सुटलाय?"

आईला काही कळलं नाही. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. आई दोन्ही वेळा भाकरी ठेवून कामाला गेली की ती कोण खातं, हे मला आणि बोक्यालाच ठाऊक होतं. मी काही हट्टानं उपाशी राहत नव्हते. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. कुणासाठी उतरवायचा तेच समजत नव्हतं.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पळताना हुलकावणी द्यायला गेले, आणि वरचं अंग वळलं पण पाय जमिनीतच राहिला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. डॉक्टर चांगले होते बिचारे. म्हणाले, "ऑपरेशन करू. चालशील, जिने चढशील, सगळं करशील. फक्त खो-खो नाही." ते 'फक्त' त्यांनी इतकं सहज म्हटलं, की मला क्षणभर वाटलं मी चुकीचं ऐकलं. नवव्या वर्षापासून मी खो-खोची वैजयंता होते. बाजारात, लग्नात, एसटीत सगळीकडे तीच. खो-खो काढून घेतला तर उरलेल्या वैजयंतेला कुणी ओळखत नव्हतं. मीसुद्धा नाही.

"उद्या सोमवार," बाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "बाजार. ही येणार."

"अवो बाई, डाक्टरनी पाय टेकू नगं म्हणलंय!"

"पाय कुठं टेकायचाय? काम हाताचं आहे."

इथं आमच्या बाईंच्या सोमवारची गोष्ट सांगायला हवी, कारण तशी तऱ्हा दुसऱ्या कुठल्याच संघात नव्हती. आमच्या घरामागचं पटांगण आठवडाभर खो-खोचं आणि सोमवारी आठवडी बाजाराचं. त्या दिवशी सराव नाही. दुसरा एखादा प्रशिक्षक असता तर मुलींना सुट्टी दिली असती नाहीतर डोंगर चढायला लावला असता. आमच्या बाईंनी प्रत्येक मुलीला एकेका दुकानावर नेमून दिलं होतं. नसीम मिरच्यावाल्यापाशी, छबी चपला शिवणाऱ्या बाबांपाशी, कुणी बियाण्यांच्या पालात, कुणी भज्यांच्या गाड्यावर. संघाचे कपडे घालायचे नाहीत. खेळाची गोष्ट काढायची नाही. कुणी विचारलं, तू कोण, तर नाव सांगायचं, संघ सांगायचा नाही.

गावानं यावर पोटभर हसून घेतलं होतं. शेजारच्या तालुक्याचे प्रशिक्षक आमच्या संघाला 'भाजीमंडई' म्हणायचे. आयांची तक्रार वेगळीच होती, की पोरींना घरी झाडू मारायला सांगितलं तर पाय दुखतात आणि बाजारात मात्र दिवसभर राबतात. बाईंना कुणी कारण विचारलं की त्या शिट्टी वाजवायच्या. पटांगण असो की स्टाफरूम, शिट्टीपुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मला दिलं होतं गोदामामींकडे. गोदामामी म्हणजे आमच्या बाजारातली कासारीण. बाईमाणसाला बांगड्या भरण्याचं काम मला अगदी बिनकामाचं वाटायचं. एकतर आम्हा मुलींना मैदानावर बांगडी घालायची बंदी. घालून आलीस तर पटांगणाला पाच फेऱ्या. बाईंनी स्वतः लहानपणापासून मनगटाला काच लावली नव्हती. पण गोदामामी रिकामं बसू देत नसत. तीन वर्षांत मी नाही नाही म्हणत शिकले. हात तेलानं मऊ कसा करायचा, अंगठ्याच्या बुडाचा कोंब आत दाबून बोटांची मोळी कशी करायची, बांगडी कुठे थांबते आणि कुठे घसरते. माझ्या हातून बांगडी फुटायची नाही. मामी कौतुक करायच्या आणि मी मनात मंगळवारच्या सरावाची वाट बघायचे.

सोमवारी बाईंनी रिक्षा आणली. मला नसीमनं आणि त्यांनी मिळून उचलून बसवलं. पटांगणात शिरलो आणि मला पहिलं काय दिसलं असेल तर खांब. गोदामामींच्या पालाची दोरी नेहमीच आमच्या खो-खोच्या खांबाला बांधलेली असायची, पण त्या दिवशी ते बघून मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ज्या खांबावरून मी सूर मारायचे, त्याला बघा काय लटकवलंय. लाल-निळ्या रिबिनी आणि केसांची बक्कलं.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

"जा की," गोदामामी म्हणाल्या. "पण आधी ही पाटी धर. माझं गिऱ्हाईक उभं हाय."

पाटी धरली. पाय लाकडी खोक्यावर लांब करून बसले. माणसं येत होती, थांबत होती. "आगं, ही वैजयंता न्हवं? गेला का गं पाय? आता कसं व्हायचं?" प्रत्येक जण हळहळायचा आणि जाताना थोडी थोडी मला घेऊन जायचा. दुपारपर्यंत मी बसल्या जागी पार संपून गेले होते. मामींनी डबा उघडून समोर सरकवला, तो मी तसाच परत सरकवला.

उन्हं जरा कलल्यावर बाई आल्या. पालाखाली वाकून बसल्या, पदर खोचला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"भर."

मला वाटलं थट्टा करतायत. "काय भरू?"

"बांगड्या. कासाराच्या दुकानात दुसरं काय भरतात?"

गोदामामींनी तोंडातली सुपारी चावायची थांबवली. आजूबाजूच्या दोन-तीन बायका वळून बघायला लागल्या. शेडगेबाई आणि बांगड्या! लग्न केलं नाही, दागिना केला नाही, सणालासुद्धा मनगटं रिकामी. गावानं त्याचीही सवय करून घेतली होती.

मी हात हातात घेतला. एवढी वर्षं ह्या हातानं मला ढकललं, ओढलं, पाठीवर थोपटलं होतं, पण नीट बघितला कधी नव्हता. करंगळी वाकडी. दोन बोटांची पेरं खांबावर आपटून आपटून गाठीसारखी झालेली. तळवा दगडासारखा.

"मामी, हा तुम्ही बघा. माझ्यानं होणार नाही."

"मी न्हाई बाई. तुज्यापुढं हात धरलाय," मामी म्हणाल्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघायला लागल्या.

बाईंनी मोरपंखी रंग निवडला. मी तेल लावलं, पेरं दाबून बघितली, मोठं माप काढलं. ते जाईना. त्याच्या वरचं काढलं. तेही गाठींपाशी अडलं. बाईंनी हात असा आवळून धरला होता की जणू पुढचा खो त्यांनाच मिळणार होता.

"हात सैल सोडा बाई."

"सैलच आहे."

"कुठला सैल? काच फुटंल आणि रक्त निघंल."

मामी तिकडे तोंड करूनच बोलल्या, "नुसती दाबू नगंस. इच्यार की."

हा मामींचा पहिला धडा होता. बाई समोर बसली की तिला विचारायचं, माहेर कुठलं. कितीही आखडलेली बाई असो, माहेराचं सांगायला लागली की हात आपोआप ढिला पडतो. तेवढ्यात बांगडी चढवायची. मी तो प्रश्न शेकडो बायकांना विचारला होता. बाईंना विचारायचं म्हणजे जीभ रेटेना. तरी विचारला.

"माहेर कुठलं बाई?"

बाई हसल्या. "माहेर म्हणजे आम्हाला पटांगणच. मी आणि सिंधू. आम्ही दोघी जोडीनं पळायचो. आमची जोडी बाद करायला माणसं पैजा लावायची."

सिंधूचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी अंगठ्याचा कोंब हळूच आत दाबला.

"मग?"

"मग तिची कंबर गेली. खाटेला लागली. मी रोज संध्याकाळी जायची तिच्याकडं. जायची आणि काय करायची? आज कोण किती पळालं, कोण कशी बाद झाली, सगळं बयाजवार सांगायची. तिला बरं वाटंल म्हणून. ती हसायची. मी तिच्या आईला सांगायची, बघा, हसतीय."

माझे हात थांबले. बाईंनी नुसती मान हलवली, चालू ठेव म्हणून.

"एक दिवस ती म्हणाली, मंदा, खेळाचं सोडून दुसरं कायतरी बोल की गं. आणि वैजू, मला काय सुचंना. अगं खरंच सुचंना! तिला कुठली भाजी आवडती ते मला माहीत नव्हतं. तिला काय बघावंसं वाटतं, कुठं जावंसं वाटतं, कधी विचारलंच नव्हतं. एवढी वर्षं एकमेकींचं पाऊल न बघता ओळखायचो, पण बोलायला दुसरं काही नव्हतंच आमच्याकडं. मला लाज वाटली. मी उठून आले. आणि परत जायचं धाडस झालं न्हाई."

बाजाराचा गलका चालूच होता. कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

"दिवाळीच्या तोंडावर ती गेली. ताप नव्हता, काही नव्हतं. जेवण सोडलं होतं तिनं. घरच्यांना कळलंच न्हाई कधी सोडलं ते." बाईंचा आवाज अगदी शाळेत हजेरी घेतात तसा होता, पण डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. "पुढं मी ह्या संघाची बाई झाले तेव्हा ठरवलं. माझ्या पोरी पळतील, जिंकतील, सगळं करतील. पण सोमवारी त्या मिरच्या विकतील, चपला शिवतील, बांगड्या भरतील. पाय गेला तरी त्यांच्यापाशी बोलायला कायतरी राहील. त्यांच्या मैत्रिणींपाशीबी राहील. लोकं हसली तर हसू देत."

मी खाली बघितलं. मोरपंखी बांगडी बाईंच्या मनगटात होती. कधी गेली ते मला कळलं नव्हतं आणि त्यांनाही नाही. हात लोण्यासारखा सैल पडला होता. मी दुसरी चढवली, तिसरी चढवली. मला रडू येत होतं. काचेचं काम हातात असताना रडायची सोय नसते.

पंचवीस वर्षांवर झाली या गोष्टीला. मी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शीर सापडत नाही, पेशंट हात आखडून बसलाय, अशा वेळी वॉर्डातल्या नव्या पोरी मला हाक मारतात. मी त्या बाईचा हात हातात घेते आणि माहेर कुठलं म्हणून विचारते. सुई कधी गेली ते तिला कळतही नाही. पण त्या दिवशी यातलं काहीच मला दिसत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं की आमच्या बाईंनी हा सगळा बाजार उभा केला तो मरून गेलेल्या एका मुलीसाठी, आणि आज त्या माझ्यासाठी हात पुढे करून बसल्या होत्या. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

दोन्ही हात भरून झाल्यावर मामींनी रिवाजाप्रमाणे एक बांगडी वरची दिली. ती मी बाईंच्या डाव्या हातात घातली. तेवढ्यात घाटावरच्या गावची एक म्हातारी पालापाशी येऊन टेकली. ती मला ओळखत नव्हती.

"कुणाची गं तू पोरी? हात चांगला हाय तुजा. माझ्या नातीला भरशील?"

"वैजू नाव माझं," मी म्हणाले. "बसव तिला, आजी."

संध्याकाळी रिक्षात बसताना बाई म्हणाल्या, "गुरुवारी आपण जिल्ह्याला जायचंय. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत."

"गुडघ्याच्या?"

"मनाच्या. मी त्यांना भेटून आलेय. चांगल्या आहेत, बोलू देतात."

"मला काय वेड लागलंय का बाई?"

"पाय मोडला तर डॉक्टर आणि मन मोडलं तर शेंगदाणे, असं कसं चालंल? गुरुवारी सकाळची गाडी. मीपण येणार. मलाबी त्यांच्याशी जरा बोलायचं राहिलंय."

त्या रात्रीही मी जेवले नाही. भाकरी उशाशी तशीच होती. फक्त बोक्याला टाकायचा धीर झाला नाही, एवढाच फरक.

मंगळवारी पहाटे घरामागच्या पटांगणात शिट्टी वाजली. पाय मोडल्यापासून ती शिट्टी वाजली की मी उशी कानांवर दाबत असे. मागची खिडकी तर आईनं माझ्या सांगण्यावरून बंदच करून टाकली होती. आज मी उशी उचलली, आणि तेवढ्यात बाहेर एकदम गलका उसळला. मुली किंचाळत होत्या.

"बाई! बांगड्या! बाईंच्या हातात बांगड्या!"

"पाच फेऱ्या! पाच फेऱ्या!" हा आवाज नसीमचा.

मी एका पायावर उठले, भिंत धरत धरत गेले आणि खिडकीची कडी काढली. बाहेर फटफटलं होतं. सगळा संघ खांबापाशी टाळ्या वाजवत उभा होता आणि पटांगणाच्या कडेनं शेडगेबाई पळत होत्या. साडी खोचलेली, धाप लागलेली, चेहरा लालबुंद, आणि दोन्ही हात छातीशी जपून धरलेले.

"बाई, काढा की त्या, मग फेऱ्या माफ!" छबी ओरडली.

"न्हाई काढायच्या!" बाई पळता पळताच ओरडल्या. "वैजूनं कष्टानं भरल्यात! पळीन मी, मोज तू!"

आमच्या खिडकीखालून जाताना त्यांनी वर पाहिलं. थांबल्या नाहीत. नुसता उजवा हात उंच केला आणि बांगड्या खळखळ वाजवून पुढे गेल्या. मला हसू फुटलं. असं फुटलं की खिडकीचा गज धरून मी खाली बसले, पोट धरून हसले आणि हसता हसता पोटात कळ आली. मला वाटलं हसण्याचीच कळ असेल.

"काय झालं गं?" आई घाबरून धावत आली.

"आई," मी म्हणाले, "भूक लागलीय गं."

आईनं रात्रीची भाकरी तव्यावर गरम करून आणली. मी खिडकीशी बसून खाल्ली, पटांगणाकडे बघत. बोका समोर येऊन बसला. पहिल्या घासाला त्यानं वाट बघितली, दुसऱ्या घासाला ओरडला. मी ताट शेवटपर्यंत चाटूनपुसून खाल्लं आणि त्याला एक तुकडासुद्धा दिला नाही.